चौकटीच्या आत सव्वीस इंच

त्या शनिवारी झालं ते एवढंच. कोठीबाईंनी वरच्या फळीवरचा स्वेटरांचा गठ्ठा उतरवायला शिडीला सांगितलं, आणि शिडीने लिहीत असलेली वही टेबलावर उघडीच टाकली. शिडी म्हणजे लाकडाची शिडी नव्हे. लाकडाचीही एक कोठीत होती, पण तिची तिसरी पायरी मोडलेली होती आणि ती भिंतीला टेकून नुसती संस्थेच्या प्रगतीचा विचार करत असायची. ही शिडी शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलगी. तिचा हात टाच न उचलता वरच्या फळीला पोचायचा, म्हणून बरोबरच्या दोघींनी तिचं हे नाव पाडलं होतं आणि तिने ते तक्रार न करता वापरायला घेतलं होतं. तर शिडी स्वेटर उतरवत होती, आणि बाईंची नजर, कागदावर नजर जाते तशी, कागदावर गेली. बारीक, सुबक अक्षर. ‘११.१० बाई मागच्या दाराकडे बघतात. ११.२५ पुन्हा. ११.३१ पुन्हा, या वेळी किल्ली चाचपून.’ बाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा की अकरा पंचवीस चूक आहे, आपण अकरा वीसला बघितलं होतं. दुसरा विचार यायच्या आत त्यांचा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर गेला, आणि तिसरा विचार असा आला की हेही आता कुणीतरी लिहील.

संस्था बायकांसाठी होती. तिला दोन दारं होती. पुढचं काचेचं, मोठ्या रस्त्यावर उघडणारं. त्याने देणगीदार यायचे, कपड्यांच्या पिशव्या यायच्या, शाळेतल्या मुली सेवेचे वीस तास भरायला यायच्या. मागचं हिरवं, अरुंद, गल्लीत उघडणारं. त्याने त्या बायका यायच्या ज्यांना घरातून निघताना दोन पिशव्यांपेक्षा जास्त काही उचलायला वेळ मिळालेला नसायचा. वर त्यांच्या खोल्या होत्या. दोन दारांच्या मधोमध कोठी, आणि कोठीत बाई. मागच्या दाराची किल्ली कोठीकडे असायची, कारण दुसरं कुणी सतत जागेवर नसायचं. बाईंना पुढच्या दाराने येणारे सगळे ओळखायचे आणि त्यांनी एका इस्पितळात चादरींचं भांडार सांभाळलंय, तिथून त्या इथे नोकरीला आल्या, असं सगळ्यांना ठाऊक होतं. ही माहिती बाईंनीच पुरवली होती आणि वर्षागणिक तिच्यात भर घातली होती. त्या इस्पितळात आता चारशे खाटा होत्या. बाई नऊ वर्षांपूर्वी मागच्या दाराने आल्या, दीड पिशवी घेऊन, हे फक्त अध्यक्षांना आणि वकीलबाईंना माहीत होतं. मागच्या दाराने येऊन पुढच्या दाराने पगार घेणारी संस्थेतली ही एकच बाई, आणि आपली ही जागा टिकवायची तर कुणी आपल्याकडे नीट बघता कामा नये, एवढं एक तत्त्वज्ञान तिने नऊ वर्षांत कमावलं होतं.

कोठीचं काम बघायला सोपं होतं. पिशवी उघडायची, कपडा झटकायचा, खिसे तपासायचे, मग कात्रीने कॉलरच्या आतलं नाव, धोब्याची खूण, शाळेचा बिल्ला, सगळं काढून टाकायचं. उद्या रस्त्यात देणाऱ्याने आपलाच कोट ओळखून हाक मारली तर आत राहणाऱ्या बाईची पंचाईत. कपड्याला मागचं काही आठवता कामा नये, असं बाई पहिल्याच दिवशी मुलींना सांगायच्या, आणि मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या, कारण शाळेने ‘मी काय शिकले’ असा रकाना दिलेला होता. लोक काहीही द्यायचे. एकदा न्यायाधीशाचा झगा आला. एकदा सशाचा अख्खा पोशाख, कानांसकट, आणि तो कुठल्या संकटात सापडलेल्या बाईला उपयोगी पडेल यावर अध्यक्षांनी पाच मिनिटं गंभीर चर्चा केली होती. शिडीबरोबरच्या दोघी म्हणजे एक जोडगोळी होती, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यांनी पहिल्या शनिवारी सगळे कपडे मापाऐवजी रंगांनुसार लावले. कोठी दिवसभर इंद्रधनुष्यासारखी दिसली आणि एका जाड बाईला पोपटी रंगाचं काहीही होईना. त्या दोघींचं बाईंना काही वाटायचं नाही. बोलणाऱ्या माणसाकडे बघायला वेळ नसतो. शिडी बोलायची नाही.

बाईंचा नवरा वीज मंडळात मीटर वाचायचा. दिवसभर दारोदार आकडे लिहून तो घरी यायचा, आणि ज्याला सवय सुटत नाही असा माणूस घरी आल्यावर जे करेल ते करायचा. घर वाचायचा. काड्यापेटीतल्या काड्या. तेलाची पातळी, बाटलीला त्याने बॉलपेनाने केलेल्या रेघेच्या किती खाली. साबणाची जाडी. बाईंच्या चपलांची टाच. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही होती, तिच्यात मागचा आकडा, आजचा आकडा आणि फरक. फरक जास्त निघाला की तो आवाज न चढवता विचारायचा, काल तीन काड्या, आज सात, चार काड्या कुणासाठी जळल्या. तो कधी ओरडला नाही. शेजारीपाजारी म्हणायचे किती शांत माणूस, आणि खरंच तो हात उचलायचा तेव्हासुद्धा घाई करायचा नाही, आधी घड्याळ काढून ठेवायचा. एकदा माहेरी बाईंनी वहीबद्दल सांगितलं तर भाऊ म्हणाला, ताई, अगं व्यवस्थित माणूस आहे, आमच्याकडे तर काहीच सापडत नाही वेळेवर. त्यानंतर बाईंनी कुणाला सांगितलं नाही. नऊ वर्षं झाली तरी मीटर वाचणारा माणूस संस्थेत आला की बाईंना पोटात काहीतरी होऊन न्हाणीघरात जावं लागायचं. सगळे समजायचे की बाईंना महिन्यातून एकदा, साधारण बारा तारखेला, पोटाचा त्रास होतो.

आणि आता ही वही. शनिवारनंतरचा अख्खा आठवडा बाई ती तीन ओळींची नोंद घेऊन फिरल्या. मनात पाल चुकचुकणे म्हणतात तसं नव्हे, एक पाल आली आणि तिने तिथेच संसार मांडला. कोण ही मुलगी. सोळा वर्षांची असेल. नऊ वर्षांपूर्वी सातची. नणंदेची मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची होती आणि तीही उंच होती का, की सहा-सात वर्षांच्या मुली आपल्या आठवणीत उगाच उंच होतात. नणंदेच्या मुलीच्या डाव्या भुवईवर व्रण होता. की उजव्या. बाईंनी स्वयंपाक करता करता तो व्रण एका भुवईवरून दुसरीवर हलवून बघितला आणि दोन्हीकडे तो सारखाच खरा दिसला. नवऱ्याला पोरीच्या हातून काम करून घेण्याची अक्कल नक्की होती. पाण्याच्या टाकीवर चढून बघायचं असेल तर तो शेजारच्यांच्या मुलाला चढवायचा. मंगळवारी त्या अध्यक्षांकडे गेल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं की या मुली कुठल्या, म्हणजे कुणाच्या कोण. अध्यक्षा देणगीदारांच्या पत्रांवर सह्या करत होत्या. त्या म्हणाल्या, चांगल्या घरच्या आहेत हो, त्या उंच मुलीचे वडील तर आपल्याला दर वर्षी कपडे देतात, रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान आहे ना, ते. चांगल्या घरच्या हे ऐकून बाईंची उरलीसुरली झोपही उडाली. आपलं घरही चांगलंच होतं.

पुढच्या शनिवारी बाईंनी पाळतीवर पाळत ठेवली. लेबलं कापून उरलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या होत्या, त्यांच्या मागे त्या टिपून ठेवू लागल्या. ‘१०.०५ आली. पाणी प्यायली नाही. १०.४० फडकं झटकायला म्हणून माझ्याकडून मागचं दार उघडून घेऊन बोळात गेली. फडकं स्वच्छ होतं. १०.५२ परत. शिवणाच्या डब्यातली टेप जागेवर नाही. १०.५५ टेप जागेवर.’ अकरा वाजता दोघींनी एकाच वेळी मान वर केली आणि दोघींच्या हातात पेन होतं. बाई म्हणाल्या, हिशेब लागत नाहीये स्वेटरांचा. शिडी म्हणाली, हो, मलापण. जोडगोळीतली एक म्हणाली की स्वेटर अठ्ठावीस आहेत, तिने मोजलेत. दोघींनी तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी सत्तावीस असतील म्हणाली. दुपारी घरी जाऊन बाईंनी त्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. मागची वेळ, आताची वेळ, फरक. तेवढ्यात त्यांचं लक्ष आपल्याच अक्षराकडे गेलं. चार असा काढलेला होता, खालची गाठ उघडी ठेवून, जसा नवरा काढायचा. बाईंनी पट्ट्या गोळा करून रद्दीत टाकल्या, मग रद्दीतून काढून बारीक फाडल्या, आणि बराच वेळ हात धुतले.

इथे थांबायला हवं होतं. पण तिसऱ्या शनिवारी अध्यक्षांनी मुलींना वर बोलावलं, शाळेसाठी फोटो काढायचे होते. तिघींच्या बॅगा कोठीत राहिल्या. बाईंनी अर्धा मिनिट स्वतःला सांगितलं की आपण बॅग उघडणार नाही, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या बोटांनी चेन सरकवली होती. खिसे तपासायची नऊ वर्षांची सवय होती. बोटांना कपडा कुणाचा हे विचारायची पद्धत नव्हती. वही वरच होती. पानावर पानं भरलेली, कुठेही नाव नाही. ‘मागचं दार चौकटीच्या आत सव्वीस इंच. दार पूर्ण उघडलं तरी फळीची जाडी आड येते, साडेचोवीस. पायरी एक, चार इंच. आतला बोळ रुंद आहे, वळण नाही. टेम्पो गल्लीत शिरतो, पाहिलं. बुधवारी अकरा ते एक मोठ्या रस्त्यावर दुकानांचा माल उतरतो, कुणी कुणाकडे बघत नाही. किल्ली बाईंकडे, कमरेला, उजवीकडे.’ आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘बाई अजून एकदाही ओरडल्या नाहीत.’

बाईंच्या डोळ्यांसमोर सगळं एका क्षणात लख्ख झालं. बुधवार, गर्दी, टेम्पो, आणि न ओरडणारी बाई. फक्त साडेचोवीस इंच कशासाठी हे लागत नव्हतं. त्यांनी शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि एका हाताने कशीबशी स्वतःच्या खांद्यांवरून धरली. सोळा इंच. सहज निघेल. गालिचात गुंडाळली तरी निघेल. आपल्याला गालिचात गुंडाळून न्यायला चार माणसं लागतील की दोन पुरतील, आणि नवरा ती माणसं कुठून आणेल, तो तर कधी कुणाला चहासुद्धा पाजत नाही, इथपर्यंत विचार पोचला तेव्हा दारात शिडी उभी होती. फोटोसाठी तिला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि मागच्या रांगेतून निघून येणं सोपं असतं. बाईंच्या एका हातात तिची वही होती, आणि टेप अजून खांद्यांवर होती, शिंप्याने अर्ध्यावर सोडून दिलेल्या गिऱ्हाइकासारखी.

“झालं वाचून?” शिडीने विचारलं.

बाईंना वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरली नव्हती. बाईंनी वही टेबलावर ठेवली, टेप काढून गुंडाळली, आणि गुंडाळता गुंडाळता, आवाज न चढवता, विचारलं की तुला कुणी पाठवलंय, मीटरवाल्याने का. कोण मीटरवाला, असं शिडीने विचारलं, आणि ते इतकं खरं होतं की बाईंना कळलं, नऊ वर्षं ओठांवर न आलेला शब्द आपण आता एका शाळकरी मुलीला फुकट देऊन बसलो. शिडी टेबलापर्यंत आली. वही उचलून तिने पान बघितलं, शाळेत शिक्षिकेने तपासून दिलेली वही बघावी तसं.

“घरी रोज उघडतात,” ती म्हणाली. “बाबा. दारात आलं की आधी बॅग, मग खिसे. म्हणून मी कुठे नाव लिहीत नाही. विचारलं तर सेवेची डायरी म्हणून सांगते. परवा ते म्हणाले, दार कशाला मोजलं, तर म्हटलं गणिताचा प्रकल्प.” मग म्हणाली, “इथे उघडत नाहीत, असं लिहिणार होते आज.”

बाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण जे बोलायचं ते सगळं नवऱ्याने आधीच बोलून ठेवलेलं होतं. काळजी वाटते म्हणून बघितलं. लपवायचं काही नसेल तर बिघडलं कुठे. एकदाच तर बघितलं. ही वाक्यं एकामागून एक जिभेवर येऊन उभी राहिली आणि प्रत्येकाच्या अंगात त्याचा सदरा होता. न्हाणीघरात जावं असं पोटात झालं, आणि आज बारा तारीख नव्हती.

“तुमची दाखवा,” शिडी म्हणाली.

“काय?”

“बॅग. तुमची. तुम्ही माझी बघितलीत.”

वरून अध्यक्षांचा आवाज येत होता, हसा, जरा हसा. बाईंनी कपाटाखालून आपली काळी पिशवी काढली. ती नऊ वर्षांत कुणी हातात घेतली नव्हती, आणि बाई ती कोठीपासून न्हाणीघरापर्यंतसुद्धा बरोबर न्यायच्या. जोडगोळीचं मत होतं की तिच्यात विणकाम असतं. बाईंनी कोठीच्या नियमाने एकेक वस्तू टेबलावर काढली. दात घासायचा ब्रश. कपड्यांचा एक जोड, घडी करून, रबर लावून. सपाट चपला. मेणकापडात गुंडाळलेले कागद, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, पोटावरच्या टाक्यांचा डॉक्टरचा कागद. बिस्किटांचा पुडा, ज्याची तारीख त्या दर तीन महिन्यांनी बदलायच्या, म्हणजे जुना खाऊन नवा आणायच्या. एका वकिलाचं कार्ड, दुसऱ्या गावच्या. शिडी प्रत्येक वस्तूकडे बघत होती. हात लावत नव्हती.

“हे रोज आणता?”

“रोज.”

“नऊ वर्षं?” कुणी सांगितलं नऊ, असं विचारायच्या आत बाईंच्या लक्षात आलं की अध्यक्षांच्या फलकावर कर्मचाऱ्यांची वर्षं लिहिलेली आहेत. शिडीने सगळं वाचलेलं असणार. “म्हणजे इथेसुद्धा सुरक्षित नाही.”

हा प्रश्न होता की निकाल, कळायला मार्ग नव्हता. बाईंना अध्यक्षांचं वाक्य पाठ होतं. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगायच्या, इथे तुम्ही अगदी सुरक्षित आहात, आता मागचं विसरा. नऊ वर्षांपूर्वी ते ऐकून बाईंनी मान हलवली होती आणि रात्री चपला घालून झोपल्या होत्या. आता त्यांनी टेबलावरच्या ब्रशकडे बघितलं.

“कुणी आलं नाही आजवर,” त्या म्हणाल्या. “पण येणारच नाही, असं मला कुणी सांगितलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. मी मागच्या दाराने आले होते. तू लिहितेस ते बरोबर आहे, मी बघते तिकडे. फक्त पंचवीसला नाही, वीसला बघितलं होतं.”

शिडीने पेन काढलं, मागचं पान उलटलं, पंचवीसचे वीस केले. मग पेनाचं टोपण लावता लावता तिने विचारलं, “इथे सासू चालते का?”

बाईंना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण ऐकलं ते बरोबर होतं, आणि मग शिडीने जे सांगितलं ते इतक्या सरळ क्रमाने सांगितलं की ती कित्येक आठवडे मनात त्याची उजळणी करत असणार. आई निघायला तयार होती, दोन वर्षांपासून. पण गेल्या वर्षी बाबा आईच्या अंगावर गेले तेव्हा आजी, म्हणजे बाबांचीच आई, मध्ये पडली, आणि बाबांनी तिला बाजूला केलं. बाजूला जिना होता. तेव्हापासून आजी चाकाच्या खुर्चीत. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना बाबा सांगतात, हाडं ठिसूळ झालीयत. आजी रोज आईला म्हणते, तू पोरीला घे आणि जा बाई, माझं काय उरलंय. आणि आई म्हणते, तुम्हाला याच्या हाती सोडून मी पाऊल टाकणार नाही. दोघी दुपारी भाजी निवडताना यावरून भांडतात, हळू आवाजात. आजी रुसून जेवत नाही. खुर्ची साडेपंचवीस इंच रुंद आहे, घडी होत नाही, आणि आजीला उचललं की कमरेत कळ जाते आणि ती मोठ्याने ओरडते. म्हणून शिडी वीस तासांची सेवा करायला आली. मुलींना शाळेने तीन संस्थांची यादी दिली होती, एक झाडं लावणारी, एक कुत्र्यांची. कपडे देणारा बाप म्हणाला, बायकांची घे, आपली ओळख आहे तिथे.

“साडेचोवीसमधून साडेपंचवीस जात नाही,” शिडी म्हणाली. “मी आईला अजून काही सांगितलेलं नाही. आणि तुम्हाला सांगावं की नाही, तेही ठरवलेलं नव्हतं. ते आत्ता झालं. चुकलं असेल तर मला माहीत नाही.” जिन्यावर जोडगोळीचे पाय वाजले. शिडीने बॅग उचलली, चेन लावली, लावलेली चेन एकदा ओढून बघितली, आणि जाता जाता म्हणाली की ती येत्या शनिवारी येणार नाही, तिचे वीस तास भरले.

सोमवारी बाईंनी प्रवेशाचा अर्ज भरायला घेतला. नवरा सोडून येणाऱ्या बाईचं नाव, वय, सोबत येणारी मुले. सासूला रकाना नव्हता. संस्थेच्या चाळीस वर्षांत नवऱ्यापासून पळताना त्याच्या आईला बरोबर घेऊन पळणारी बाई कुणाच्या कल्पनेत आलेली नव्हती. अध्यक्षांशी बोलल्यावर अध्यक्षा चष्मा पुसत म्हणाल्या की नियमाने सासू ही समोरची बाजू होते, आणि नियम वरच्या समितीने केलेत. बाई कोठीत परत आल्या. अर्जात ‘मुले’ या रकान्यात त्यांनी लिहिलं: दोन मुली, वय सोळा आणि सत्त्याहत्तर. आणि तो सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घातला. अध्यक्षांनी सही करता करता पेन थांबवलं.

“धाकटीचं वय चुकलंय का?”

“नाही, थोरलीचं बघताय तुम्ही.”

अध्यक्षांनी कोठीबाईंकडे नऊ वर्षांत पहिल्यांदा नीट, रोखून बघितलं. बाईंनी बघू दिलं. मग अध्यक्षांनी सही केली आणि पुढचा कागद ओढला. त्याच दिवशी शाळेच्या कागदावर सही घ्यायला आलेल्या जोडगोळीतल्या एकीच्या हाती, शाळेत शिडीला दे म्हणून, बाईंनी एक चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत फक्त आकडा होता, २६, आणि वार. नाव नव्हतं. ती चिठ्ठी पोचली की नाही, आणि पोचली तर कुणी आधी बॅग उघडून वाचली की नाही, हे कळायची काही सोय नव्हती.

बुधवारी साडेदहाला सुतार आला. त्याला सांगितलं की दार अडकतं, उतरवून रंधा मार. तो म्हणाला अडकत तर नाही. बाई म्हणाल्या, अडकतं. त्याने खांदे उडवले, बिजागऱ्यांचे खिळे ठोकून वर काढले, दार दोन्ही हातांनी उचलून आतल्या बोळात भिंतीला टेकवलं, आणि रंधा विसरलो म्हणून निघून गेला. सुतार परत येतात तेव्हा येतात. बाईंनी टेप धरून बघितलं. सव्वीस. मग त्यांनी स्टूल आणलं आणि दार नसलेल्या दारात बसल्या.

नऊ वर्षं त्यांनी गल्ली फक्त किल्लीच्या भोकातून नाहीतर किलकिल्या दाराच्या फटीतून बघितली होती. ती बरीच रुंद निघाली. समोरच्या घराच्या खिडकीत एक म्हातारा दाढी करत होता, त्याने बाईंना बघून साबणाचा हात वर केला. एक बाई पोराला ओढत गेली आणि जाताना बाईंकडे, स्टुलाकडे, मागच्या अंधाऱ्या बोळाकडे निवांत बघून गेली. कुणीही बघत होतं. उन्हाची तिरीप गुडघ्यावर येऊन बसली होती आणि ती हलवता येत नव्हती. अकरा वाजून गेले. मोठ्या रस्त्यावर खोकी आदळल्याचे आवाज सुरू झाले. आणि आता, रिकाम्या हातांनी बसल्यावर, सगळं दुसऱ्या बाजूने उलगडायला लागलं. आपण काय केलं. एका मुलीने, जी पाळत ठेवायला आली होती असं तिने स्वतः कबूल केलं, एक गोष्ट सांगितली, आणि ती गोष्ट इतकी मापात बसणारी होती, की आपण आपल्या हाताने दार उतरवून ठेवलं. वेळ तिच्या वहीतली, वार तिच्या वहीतला. टेम्पो तिचा. गोष्टीतली म्हातारी कुणी पाहिलीय. सत्त्याहत्तर वय तरी आपणच मनाने लिहिलं, ती तर म्हणाली होती सत्तरच्या वर. आणि गोष्ट खरी असली तरी वडील बॅग उघडतात. मग आज इथे कोण येईल, म्हातारी की दुकानदार. दार भिंतीला टेकलेलं होतं, पण ते एकटीने उचलून बिजागऱ्यांवर चढवणं बाईंच्याने होणार नव्हतं, त्यांनी मघाशी करून बघितलं होतं.

अकरा चाळीसला गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो वळला. हौद्यावर ताडपत्री बांधलेली. पुढच्या काचेवर समोरच्या भिंतीचं ऊन पडलं होतं, म्हणून आत ड्रायव्हर आहे एवढंच दिसत होतं, शेजारी कुणीतरी आहे, टोपी घातलेलं किंवा पदर घेतलेलं. टेम्पो चालत्या माणसाच्या वेगाने येत होता. खड्डा आला की तो थांबायचा आणि मग फार जपून उतरायचा, काचेचं सामान असावं तसा, किंवा लोकांना काचेचं सामान वाटावं तसा. बाई उठल्या. स्टूल उचलून त्यांनी बोळात टाकलं. चार इंचांच्या पायरीवर खुर्चीसाठी उतार म्हणून लावायला आणलेली लाकडी फळी भिंतीला टेकलेली होती, ती ओढत बाहेर आणली. फळी उंबऱ्याला नीट बसवायची तर बाहेरून, दाराकडे तोंड करून, गल्लीकडे पाठ करून वाकावं लागत होतं. दुसरी कुठलीच रीत नव्हती. त्यांनी दोन बाजूंनी करून बघितलं.

टेम्पोचं इंजिन अगदी मागे येऊन बंद पडलं. दार उघडल्याचा आवाज झाला. बाई वाकल्या आणि दोन्ही हातांनी फळी उंबऱ्याला दाबून धरली.